नंदुरबारपासून सर्वांत जवळची समुद्राकाठची राजधानी कोणती? उन्हाळ्यातली दोन दिवसांची दमण सहल अशी आखा

एप्रिल संपत आला की नंदुरबार, शहादा, तळोद्यात पारा चाळिशी ओलांडतो. नेमक्या त्याच दिवसांत फोनवर वेगळंच जग दिसायला लागतं. कोपनहेगनच्या बंदरात पाय सोडून बसलेली पोरं, हेलसिंकीचा रात्री दहा वाजताचा उजेड, टॅलिनच्या जुन्या गल्ल्या. उन्हाळ्यात गरम देशांऐवजी थंड प्रदेशात फिरायला जाण्याच्या या फॅशनला सध्या 'कूलकेशन' म्हणतात. रील सेव्ह होतं, ग्रुपवर फॉरवर्ड होतं, आणि मग कुणीतरी विचारतं, "आपल्याला जमेल असं काही आहे का?"

आहे. नंदुरबारच्या माणसाला 'समुद्राकाठची राजधानी' म्हटलं की मुंबई आठवते. पण नकाशा उघडून बघा, मुंबईपेक्षा जवळ आणखी एक राजधानी समुद्रावर वसलेली आहे. ती म्हणजे दमण. २६ जानेवारी २०२० रोजी दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हे दोन केंद्रशासित प्रदेश एकत्र करण्यात आले आणि त्या नव्या प्रदेशाची राजधानी दमण ठरली. म्हणजे ही अधिकृत राजधानी आहे, तिच्याकडे समुद्र आहे, दोन किल्ले आहेत, जुनी चर्च आहेत, आणि नंदुरबारहून सकाळी निघालात तर दुपारपर्यंत तिथे पोहोचता येतं.

फक्त दमण म्हटलं की आपल्याकडे लोक एकच गोष्ट ऐकून असतात आणि डोळा मारतात. त्या गोष्टीबद्दलही पुढे सविस्तर आहे, कारण दमणची सहल बिघडते ती बहुतेक वेळा तिथेच. दुसरी बिघडण्याची जागा म्हणजे भरती-ओहोटी.

'उत्तर' कुठून आली?

पोर्तुगीजांच्या नकाशात गोवा मध्यभागी होतं. गोव्याच्या वर, चौलपासून वसई, दमण, दीवपर्यंतच्या मुलखाला ते 'उत्तर प्रांत' म्हणत. त्या प्रांताचं मुख्य ठाणं वसई. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली आणि हा उत्तर प्रांत जवळजवळ संपला. पोर्तुगीजांच्या हातात उत्तरेकडे उरलं ते दमण आणि दीव. आपण वसईची मोहीम शाळेत शिकतो, पण वसई गेल्यावर पोर्तुगीज कुठे टिकून राहिले हे फारसं कुणी सांगत नाही. ते इथे राहिले, पुढची दोनशे बावीस वर्षं.

पुढे आणखी एक गंमत झाली. पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात १७७९ मध्ये मैत्रीचा तह झाला, आणि त्यातून भरपाई म्हणून दमणच्या आतल्या बाजूची नगर हवेलीची गावं मराठ्यांनीच पोर्तुगीजांकडे महसुलासाठी सोपवली. ही गावं १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी मुक्त केली. त्यात गायक-संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखी मराठी माणसं होती. दमण मात्र १९६१ पर्यंत थांबलं. १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे दमणवर चाल करून गेली ती मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, आणि दुसऱ्या दिवशी पोर्तुगीजांनी शस्त्रं खाली ठेवली. त्यानंतर दमण गोव्याबरोबर एकाच केंद्रशासित प्रदेशात होतं. ३० मे १९८७ रोजी गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला आणि दमण-दीव वेगळे झाले. आजही या प्रदेशाचं उच्च न्यायालय मुंबईचंच आहे.

आधी दिवस ठरवा, मग तिकीट

बहुतेक जण आधी रेल्वेचं तिकीट बघतात. दमणच्या बाबतीत आधी कॅलेंडर बघा, तेही तिथीचं. 'कालनिर्णय' भिंतीवर असेल तर उत्तम.

कारण असं, की दमण खंभातच्या आखाताच्या तोंडाजवळ आहे. हे आखात नरसाळ्यासारखं आत अरुंद होत जातं, त्यामुळे भरतीचं पाणी दाटून वर चढतं. आखाताच्या आत भावनगरला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरपर्यंत जातो, म्हणजे तीन मजली इमारतीएवढा. दमणला तेवढा नाही, पण मुंबईपेक्षा जास्त जाणवतो. किनारा सपाट असल्याने ओहोटीला पाणी खूप मागे हटतं आणि समोर चिखल, खडक आणि राखाडी वाळू उरते. "समुद्र कुठंय?" असं विचारणारे पर्यटक दमणला रोज दिसतात. ते चुकीच्या जागी आलेले नसतात, चुकीच्या वेळी आलेले असतात.

भरती दिवसातून दोनदा येते, दोन भरत्यांत साधारण साडेबारा तासांचं अंतर असतं, आणि दर दिवशी ती सुमारे पाऊण तास पुढे सरकते. कोकणातल्या कोळ्यांचा यावर एक जुना हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, जेवढे येतील तेवढे तास बारानंतर मोजायचे, ती मुंबईच्या भरतीची वेळ. म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला पुन्हा बाराच्या जवळ. दमण मुंबईच्या उत्तरेला असल्याने तिथे भरती त्यानंतर तासा-दोन तासांनी पोहोचते.

आता हा हिशेब सहलीला लावा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला गेलात तर भरती भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना येणार, आणि संध्याकाळी सूर्यास्ताला पाणी लांब गेलेलं असणार. त्याच दिवसांत उधाणही असतं, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. उलट अष्टमीच्या आसपास गेलात तर संध्याकाळी पाणी किनाऱ्याकडे येत असतं, आणि ही भांगाची भरती असल्याने तिचा जोरही कमी असतो. लहान मुलं सोबत असतील तर अष्टमीच्या मागचा-पुढचा दिवस धरणं शहाणपणाचं. हा झाला अंदाज. जाण्याच्या आदल्या दिवशी दमणच्या भरतीचं वेळापत्रक फोनवर बघून घ्याच, ते सहज मिळतं.

दुसरी गोष्ट म्हणजे वार. शनिवार-रविवारी सुरत, वापी, वलसाडहून दमणला प्रचंड गर्दी येते. हॉटेलचे भाव चढतात, देवका किनाऱ्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि संध्याकाळनंतरचं वातावरण कुटुंबाला नकोसं होऊ शकतं. सोमवार ते गुरुवार या दिवसांत तेच शहर ओळखू येत नाही. शाळांना सुट्टी आहेच, मोठ्यांनी दोन रजा टाकाव्यात.

तिसरी गोष्ट म्हणजे महिना. मे उलटत गेला की समुद्र खवळायला लागतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. पावसाळ्यात दमणचं प्रशासन समुद्रात उतरायला मनाई करतं. त्यामुळे उन्हाळी सहल एप्रिलच्या मध्यापासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरकलेली बरी. खवय्यांनीही हे लक्षात ठेवावं, कारण जूनमध्ये ताजी मासळी कमी होते.

तिथे खरंच गार असतं का?

थेट उत्तर द्यायचं तर नाही. मे महिन्यात दमणचा पारा साधारण ३३ ते ३५ अंशांवर असतो. नंदुरबारच्या तुलनेत हे सात-आठ अंश कमी. पण हवेत दमटपणा भरपूर. नंदुरबारच्या कोरड्या उन्हात घाम लगेच वाळतो आणि अंग गार होतं. दमणला घाम अंगावरच राहतो, त्यामुळे ३४ अंशांतही जीव कासावीस होतो. 'आपल्याला उन्हाची सवय आहे' या भरवशावर दुपारी बारा वाजता किल्ला बघायला निघालेला खानदेशी माणूस दोनपर्यंत हॉटेलात आडवा झालेला सापडतो.

म्हणून दमणचा दिवस दोन तुकड्यांत विभागा. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ. मधल्या वेळात जेवण आणि झोप. संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटतो तो मात्र खरा. नंदुरबारमध्ये मेच्या रात्री गच्चीवरही झोप लागत नाही, तिथे वाऱ्यात बसून डुलकी लागते. या सहलीतून मिळणारा गारवा एवढाच आहे. एवढा पुरेसा वाटत असेल तरच पुढे वाचा, नाहीतर तोरणमाळ घरापासून जवळ आहे.

कसं जायचं?

रेल्वेने दोन टप्पे पडतात. पहिला टप्पा तापी खोऱ्यातला, नंदुरबार ते सुरत. खांडबारा, नवापूर, उकाई-सोनगढ, व्यारा, बारडोली, उधना अशी स्टेशनं घेत सुमारे १६० किलोमीटरचा हा प्रवास साधारण तीन तासांचा, पॅसेंजर असेल तर जास्त. दुसरा टप्पा सुरत ते वापी, मुंबईच्या मुख्य मार्गावर, सुमारे ९५ किलोमीटर. या टप्प्यावर गाड्यांची कमतरता नाही. वापीला पश्चिमेच्या बाजूला उतरलात की दमण साधारण १२ किलोमीटर. रिक्षा, शेअर गाड्या, बस मिळतात.

इथे एक अडचण ध्यानात घ्या. तापी लाइनवरच्या काही गाड्या सुरत स्टेशनात जातच नाहीत, उधन्याला थांबतात. उधना आणि सुरत यांच्यात तीन-चार किलोमीटरचं अंतर आहे. तिकीट काढताना पहिली गाडी कुठे पोहोचते आणि वापीकडे जाणारी गाडी कुठून सुटते हे जुळतंय का ते बघा. दोन्हींत किमान दीड तास मोकळा ठेवा. हे जुळवणं नको असेल तर मुंबई-भुसावळ दरम्यान नंदुरबारमार्गे धावणारी खानदेश एक्स्प्रेस बघा, ती आठवड्यातल्या ठराविक दिवशीच असते. तिचे दिवस आणि वापीची वेळ तुमच्या तारखेला सोयीची आहे का ते तपासा.

आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस होतं. म्हणजे मेच्या मध्याच्या प्रवासाला मार्चच्या मध्यात जागं व्हायला हवं. राहून गेलं तर तत्काळ आहे. एसीसाठी सकाळी १० वाजता, स्लीपरसाठी ११ वाजता, प्रवासाच्या आदल्या दिवशी. पण जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी खातं आधारशी पडताळलेलं असावं लागतं. ते काम त्याच दिवशी सकाळी करायला बसू नका. पाच वर्षांखालच्या मुलांना स्वतंत्र जागा नको असेल तर तिकीट लागत नाही.

जनरल डब्याने जाणाऱ्यांसाठी सांगायचं तर या मार्गावर एप्रिल-मेमध्ये गर्दीचं एक वेगळं कारण असतं. आपल्या जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुवा, नवापूर भागातली हजारो माणसं ऊसतोडीसाठी बारडोली, व्यारा पट्ट्यात जातात. हंगाम संपला की बायका-पोरं, भांडीकुंडी, कोयते घेऊन ती याच गाड्यांनी परततात. तुमच्या सहलीच्या येण्याच्या बाजूला ही गर्दी भेटेल. सामान कमी ठेवा आणि जागेवरून वाद घालू नका. ज्यांच्याशी वाद होईल ते सहा महिने राबून घरी निघालेले असतात.

नवापूर स्टेशन आलं की मुलांना खिडकीपाशी बसवा. या फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत आहे. एकाच बाकावर अर्ध्या भागावर एक राज्य, अर्ध्यावर दुसरं. फोटोसाठी लोक मुद्दाम उतरतात, पण गाडी फार थांबत नाही.

एसटीने सुरतपर्यंत जाणार असाल तर महाराष्ट्र एसटीच्या बसमध्ये महिलांना मिळणारी ५० टक्के सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच असते. नवापूरच्या पुढे पूर्ण भाडं लागतं. गुजरात एसटीच्या बसमध्ये ही सवलत नाही. वाहकाशी हुज्जत घालणाऱ्यांची संख्या पाहता हे लिहून ठेवलेलं बरं.

स्वतःची गाडी असेल तर विसरवाडीला राष्ट्रीय महामार्ग ५३ पकडून नवापूर, सोनगढ, बारडोलीमार्गे सुरतपर्यंत आणि तिथून महामार्ग ४८ ने दक्षिणेला वापी. एकूण अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. सुरत ते वापी पट्टा ट्रकांनी भरलेला असतो, तो सकाळी दहाच्या आत ओलांडता आला तर निम्मा त्रास वाचतो. त्यासाठी घरून पहाटे चारला निघावं लागेल.

राहायचं कुठे, बघायचं काय?

दमणगंगा नदी शहराचे दोन भाग करते. ही नदी नाशिक जिल्ह्यातल्या सह्याद्रीत उगम पावते आणि इथे अरबी समुद्राला मिळते. नदीच्या उत्तरेला नानी दमण, दक्षिणेला मोटी दमण. गुजरातीत नानी म्हणजे लहान, पण बाजार, हॉटेलं, गर्दी सगळी नानी दमणमध्येच. मोटी दमण म्हणजे मोठा किल्ला, सरकारी कार्यालयं, चर्च, झाडं आणि शांतता.

राहायला नानी दमणमधला देवका रस्ता सोयीचा. पर्याय जास्त आणि समुद्र पायी अंतरावर. मोटी दमणला जंपोरच्या बाजूला राहिलात तर रात्री शांत झोप लागेल, पण जेवायला नदी ओलांडावी लागू शकते. म्हातारी माणसं बरोबर असतील तर मी जंपोर निवडेन, तरुण मंडळी असतील तर देवका. बुकिंग करताना 'सी व्ह्यू' या शब्दाला फार भुलू नका. ओहोटीच्या वेळी तो 'मड व्ह्यू' असतो.

पहिल्या दिवशी दुपारी पोहोचून झोप काढा आणि साडेचारला बाहेर पडा. नानी दमणचा किल्ला, म्हणजे सेंट जेरोमचा किल्ला, आधी बघा. तो १६२७ मध्ये पूर्ण झाला. आकाराने लहान आहे, अर्ध्या-पाऊण तासात होतो. नदीच्या बाजूचा त्याचा दरवाजा भव्य आहे आणि वर संताचा पुतळा आहे. तटावर चढलात की खाली धक्का आणि मासेमारीच्या रंगीत बोटी दिसतात. मेच्या शेवटी बंदी जवळ आली की इथे बोटींची दाटी होते. मग देवका. किनाऱ्यालगत साडेपाच किलोमीटरच्या आसपास लांबीचा नवा 'नमो पथ' एप्रिल २०२३ मध्ये खुला झाला. चालायला, सायकल चालवायला, नुसतं बसायला ही जागा चांगली आहे. देवक्यावर पाण्यात मात्र उतरू नका. तिथे वाळूखाली खडक आहेत, पाणी आलं की ते दिसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मोटी दमण. खरं सांगायचं तर सगळी सहल या तीन तासांसाठी आहे. पोर्तुगीजांनी १५५९ मध्ये दमण घेतलं आणि हा किल्ला बांधायला काढला. आपल्याकडच्या डोंगरी किल्ल्यांची सवय असलेल्या माणसाला हा किल्ला आधी किल्ला वाटतच नाही, कारण आत अख्खं गाव आहे. सरळ रस्ते, कौलारू घरं, कचेऱ्या, बाग. बोम जेझुसचं चर्च १६०३ चं. आतलं लाकडी कोरीवकाम बघायला थोडा वेळ काढा, टोपी काढा, प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा. त्याच्या समोरच्या बाजूला रोझरी मातेचं जुनं चॅपेल आहे. बोकाज नावाचा प्रसिद्ध पोर्तुगीज कवी अठराव्या शतकात सैनिक म्हणून इथे आला होता, त्याचं घर म्हणून एक जागा दाखवतात. डोमिनिकन मठाचे अवशेषही इथेच आहेत, सकाळच्या तिरप्या उन्हात फोटोसाठी याहून चांगली जागा नाही. किल्ल्याच्या टोकाला दीपगृह आहे. रस्त्यात एखाद्या घरातून पोर्तुगीजसारखी वाटणारी भाषा ऐकू आली तर कान टवकारा. इथल्या काही कुटुंबांत पोर्तुगीज आणि गुजराती यांच्या मिश्रणातून झालेली जुनी बोली अजून बोलली जाते. बाकी शहर गुजराती आणि हिंदी बोलतं. अहिराणी बोललात तर अर्धं समजेल, कारण अहिराणीत गुजरातीची छटा आहेच.

नदी ओलांडताना एक माहिती. २८ ऑगस्ट २००३ रोजी दमणगंगेवरचा जुना पूल कोसळला आणि त्यात शाळकरी मुलांसह अनेकांचा जीव गेला. शाळेची गाडी पुलावर होती. दमणमध्ये कुणी वयस्क माणूस पुलावर गप्प झाला तर कारण विचारायची गरज नाही.

नऊ-साडेनऊला जंपोर किनारा. सुरूची झाडं, काळसर वाळू, सपाट उतार. भरती येत असेल आणि उधाण नसेल तर पाण्यात पाय भिजवायला ही जागा देवक्यापेक्षा सुरक्षित. दहा-साडेदहाला परत.

हातात अर्धा दिवस असेल तर उदवाडा जवळ आहे. पारशी समाजाचा सर्वांत पवित्र अग्नी, इराणशाह, १७४२ पासून इथल्या अग्यारीत आहे. पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नाही, त्यामुळे आग्रह धरू नका. गावातली जुनी लाकडी घरं बाहेरून बघण्यासारखी आहेत.

जेवणाचं फार सांगत नाही. मासळी ताजी मिळते, बोंबील जरूर खा. गुजराती थाळी नंदुरबारच्या जिभेला गोड लागेल. मिरचीच्या जिल्ह्यातून निघताय, ठेच्याची डबी सोबत घ्याच. रेल्वेसाठी दशम्या आणि लसणाची चटणी, दोन दिवस टिकतात.

समुद्रात उतरण्यापूर्वी

तापीकाठच्या मुलांना पोहता येतं. प्रकाशाला, सारंगखेड्याला पाण्यात वाढलेली पोरं समुद्राला घाबरत नाहीत, आणि धोका तिथेच आहे. नदीचं पाणी एका दिशेने ओढतं, हे आपल्याला कळतं. समुद्राचं पाणी दर सहा तासांनी दिशा बदलतं. ओहोटी सुरू झाली की ते आत ओढतं, आणि चांगला पोहणाराही किनाऱ्याकडे येता येता दमतो. भरतीत उलटा घोळ होतो. ओहोटीला सपाट चिखलात लांबवर चालत गेलेली माणसं फोटो काढत बसतात आणि पाणी मागच्या सखल भागातून आधी भरतं. समोर पाणी लांब दिसतं, पाठीमागचा रस्ता बुडालेला असतो.

त्यामुळे नियम साधे ठेवा. ओहोटी लागल्यावर पाण्यात उतरायचं नाही. भरतीच्या वेळी गुडघ्याच्या पुढे जायचं नाही. दमणगंगेच्या मुखाशी तर अजिबातच नाही, तिथे नदी आणि भरतीचं पाणी एकमेकांत घुसतं. दारू प्यायलेल्या माणसाने पाण्यात उतरायचं नाही, मग तो कितीही मोठा पोहणारा असो. मदतीसाठी ११२.

आणि आता 'ती' गोष्ट

दमणमध्ये दारू कायदेशीर आणि स्वस्त आहे. पण दमणला तिन्ही बाजूंनी गुजरात आहे आणि चौथ्या बाजूला समुद्र. गुजरातमध्ये राज्य स्थापन झाल्यापासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. नंदुरबारला परत यायचं म्हणजे वापी, सुरत, बारडोली, व्यारा असा अख्खा दक्षिण गुजरात पार करावा लागतो. सहा तासांहून जास्त वेळ तुम्ही दारूबंदीच्या राज्यात असता.

'एकच बाटली आहे', 'सीलबंद आहे', 'बिल आहे', 'आम्ही महाराष्ट्राचे आहोत' यांतलं काहीही चालत नाही. २०१७ मध्ये गुजरातने कायदा कडक केला. दारूची खरेदी-विक्री आणि वाहतूक यांसाठी १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गाडीत बाटली सापडली तर गाडीही जप्त होते, आणि ती सोडवायला कोर्टाच्या फेऱ्या नंदुरबारहून वलसाडला माराव्या लागतात. बाहेरच्या राज्यातल्या पर्यटकांना गुजरातमध्ये परवाना मिळतो हे खरं, पण तो तिथल्या अधिकृत दुकानातून घेण्यासाठी आहे, दमणची बाटली नेण्यासाठी नाही.

बऱ्याच जणांना माहीत नसलेला भाग पुढे आहे. बाटली सोबत नसली, दमणमध्येच प्यायलात आणि त्याच अवस्थेत वापी स्टेशनावर आलात, तरी गुजरातच्या हद्दीत तो गुन्हा ठरू शकतो. सीमेवरच्या नाक्यांवर पोलीस तोंडाचा वास घेतात. ३१ डिसेंबरच्या रात्री वलसाड जिल्ह्यात अशा पकडलेल्यांना ठेवायला मोठे हॉल घ्यावे लागतात, अशा बातम्या दरवर्षी येतात. उन्हाळ्यात एवढी धरपकड नसते, पण तपासणी असते. रेल्वेतही असते.

महाराष्ट्रात पोहोचलात की सुटलात असंही नाही. परराज्यातली दारू आणणं हा इथेही गुन्हा आहे. दमणची दारू पकडल्याच्या बातम्या नंदुरबार-धुळ्याच्या पेपरात नेहमी असतात. ग्रुपमधला एखादा "येताना माझ्यासाठी एक आण" म्हणतो, तेव्हा तो तुमच्या नावावर गुन्हा मागत असतो. ज्याची सरकारी नोकरीची परीक्षा, पोलीस भरती किंवा पासपोर्ट रांगेत आहे त्याने तर हे दोनदा वाचावं.

आणि खऱ्या कोपनहेगनचं काय?

ते स्वप्न ठेवायला हरकत नाही. तयारी कशी असते तेवढं सांगते. कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी, टॅलिन ही चारही समुद्राकाठच्या राजधान्या शेंगेन व्हिसावर बघता येतात. जुलैमध्ये दुपारचं तापमान २० ते २२ अंशांच्या आसपास. हेलसिंकीत जूनच्या शेवटी दिवस जवळपास १९ तासांचा. हेलसिंकी ते टॅलिन बोटीने दोन तास, म्हणजे एका सहलीत दोन राजधान्या. व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० यूरो, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ३० हजार यूरोचा प्रवास विमा, बँकेचे व्यवहार, परतीचा पुरावा लागतो, आणि बोटांचे ठसे द्यायला नंदुरबारहून मोठ्या शहरात जावंच लागतं. जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात स्वीडन आणि फिनलंडमध्ये मिडसमरचा सण असतो. त्या शुक्रवारी-शनिवारी दुकानं बंद आणि शहरं रिकामी, लोक गावी गेलेले. बुकिंग करण्याआधी ही तारीख बघा.

दमणहून परतीचं तिकीट संध्याकाळचं काढा. वापीची गाडी सहाच्या आसपासची मिळाली तर सुरतला रात्रीच्या गाडीशी जुळवता येतं आणि मेच्या दुपारी तापी लाइनवरच्या तापलेल्या डब्यात बसावं लागत नाही. हॉटेल सकाळी अकराला सोडावं लागत असेल तर आदल्या रात्रीच विचारून ठेवा. कामाच्या दिवशी बरीच हॉटेलं थोडे पैसे घेऊन चारपर्यंत खोली वापरू देतात, शनिवारी-रविवारी नाही.